बाळंतिणीचीं दुःस्वप्नें व आमचीं दप्तरें

प्रस्तुत लेखास जें निमित्त घडलें तें प्रथम सांगणें अवश्य आहे. भाईंदरच्या रेल्वे-स्थानकापासून पूर्वेस, वसईच्या खाडीच्या कांठीं, जेसल पार्क नांवाची वस्ती आहे. तेथील चौपाटीवर उभें राहिलें असतां खाडीवरील आगगाडीचा पूल दृष्टीस पडतो. हीच खाडी पश्चिमेस वसईच्या किल्ल्यावरून पुढें समुद्रास मिळते. चिमाजीअप्पांनीं १७३९ मध्यें तो किल्ला घेतला, त्या मोहिमेच्या अभ्यासासाठीं ह्या किनाऱ्यावर आम्ही पूर्वीं हिंडलों आहों. ह्या खेपेस मात्र गेलों तें एका स्नेह्यांच्या नातवास पाहण्यासाठीं. त्यांची सून पोट चिरून बाळंत झाली होती. शस्त्रक्रियेस नऊ दिवस लोटले होते, टांके सुकत आले होते, मूल गुटगुटीत होतें. परंतु बाईंचा चेहरा जागरणानें ओढलेला दिसला. चहा होऊन मंडळी पांगल्यावर तिनें आपण होऊन सांगितलें कीं, तिसऱ्या रात्रीपासून तिला एकच स्वप्न फिरून फिरून पडतें. चौपाटीवर गणपति-विसर्जनाची गर्दी लोटली आहे, ताशे वाजत आहेत, आणि पाटावर मूर्तीच्या ऐवजीं तिचें मूल ठेवून लोक तें खाडींत घेऊन चालले आहेत. 'पुढच्या वर्षीं लवकर या' म्हणून सर्व ओरडत आहेत, आणि हिला टांक्यांमुळें उठतां येत नाहीं. जाग आल्यावर ती पांघरुणांत मूल चांचपूं लागते. मूल तर पाळण्यांत स्वस्थ निजलेलें असतें.

सासूबाईंनीं गादीखालीं अडकित्ता ठेविला होता, आणि पहाटेचें स्वप्न कोणापाशीं बोलूं नये असें बजाविलेंहि होतें. तरीहि ती आमच्याशीं बोलली, तें आमच्या व्यासंगामुळें. ती म्हणाली, "काका, तुम्ही इतके जुने कागद वाचतां. असलें स्वप्न पूर्वीं कोणा बाळंतिणीनें लिहून ठेवलेलें आहे का हो? कीं हें मलाच होतें आहे?" ह्या दुसऱ्या प्रश्नांत जें भय होतें तें ध्यानांत येऊन आम्हीं 'पाहून सांगतों' एवढेंच उत्तर दिलें. त्या पाहण्याचा वृत्तांत येथें देत आहों.

आमच्या बखरी, शकावल्या, करीने व पत्रें ह्यांत जन्मांच्या नोंदी विपुल आहेत हें वाचकांस विदितच आहे. तिथि, वार, नक्षत्र, गतघटिका, साखरेची वांटणी, तोफांची सरबत्ती, दानधर्म, बारसें, हें सर्व तेथें सांपडतें. सांपडत नाहीं ती आई. एकच उदाहरण घ्यावें. राजाराम महाराजांचा जन्म २४ फेब्रुवारी १६७० रोजीं राजगडावर झाला. मूल पालथें उपजलें, हा अपशकुन समजून लोक चिंतावले, तेव्हां शिवाजी महाराजांनीं हा दिल्लीची पातशाही पालथी घालील असा अर्थ लाविला, ही कथा सभासदानें दिली आहे. सभासदानें आपली बखर जिंजी येथें प्रत्यक्ष राजाराम महाराजांच्याच आज्ञेनें लिहिली, म्हणजे जो पालथा उपजला त्याच्यासाठींच ती लिहिली, ही गोष्ट ह्या कथेकडे पाहतांना विसरतां कामा नये. पायाळू अथवा पालथें मूल येणें म्हणजे आईच्या जिवावरचा प्रसंग. शकुन कोणता, तो कोणीं फिरविला, त्याचें फळ काय, इतकें बखरकार सांगतो. सोयराबाईसाहेबांस त्या रात्रीं व पुढील दहा रात्रीं काय सोसावें लागलें ह्याविषयीं एक अक्षर नाहीं. त्याआधीं तेरा वर्षें, १४ मे १६५७ रोजीं, पुरंदरावर सईबाईसाहेब प्रसूत झाल्या. संभाजीराजांस कापूरहोळच्या धाराऊ गाडे हिनें दूध पाजलें ही परंपरा सर्वांस ठाऊक आहे. सईबाईसाहेब ५ सप्टेंबर १६५९ रोजीं वारल्या. दूध-आईचें नांव व गांव राहिलें, आणि जिला दूध पाजतां आलें नाहीं तिचें मन काय म्हणत होतें तें राहिलें नाहीं.

त्याच पुरंदरावरील दुसऱ्या एका बाळंतिणीची हकीकत अधिक विस्तारानें पाहण्याजोगी आहे. ३० ऑगस्ट १७७३ रोजीं शनिवारवाड्यांत नारायणराव पेशव्यांचा खून झाला, तेव्हां त्यांची स्त्री गंगाबाई गरोदर होती. बारभाईंच्या मसलतीनें तिला सदाशिवरावभाऊंची पत्नी पार्वतीबाई हिच्यासह पुरंदरावर नेण्यांत आलें. तेथें १८ एप्रिल १७७४ रोजीं सवाई माधवराव जन्मले, आणि अवघ्या चाळीस दिवसांच्या सुमारास त्या अर्भकास पेशवाईचीं वस्त्रें मिळालीं. म्हणजे आई न्हाऊन बाहेर येते न येते तोंच मूल दौलतीचें धनी झालें. ह्या बाळंतपणावर सबंध दौलत टेकलेली होती. मुलगी झाली असती तर बारभाईंचा डाव तेथेंच संपता. म्हणूनच विरुद्ध पक्षानें अशी कंडी उठविली कीं, गडावर दुसऱ्याहि गरोदर बायका आणून ठेविल्या आहेत व मूल बदलावयाचें आहे. ही अफवा ग्रँट डफनेंहि नमूद केली आहे. तिच्या खरेखोटेपणाची चर्चा आजवर पुष्कळ झाली, व आम्ही ती खरी धरीत नाहीं. परंतु ही अफवा गंगाबाईच्या कानीं गेली नसेल काय, हा प्रश्न कोणीं विचारल्याचें आमच्या वाचनांत नाहीं. नवऱ्याचा आपल्याच वाड्यांत खून झालेला, मारेकऱ्यांचा पक्ष जिवंत व बळकट, सभोंवतीं चौकी-पहारे, आणि आपलें मूल आपलें नव्हे असें लोक म्हणतात! अशा बाईस त्या सूतिकागृहांत स्वस्थ झोंप लागली असेल असें मानणें कठिण आहे. ती १७७७ मध्यें निवर्तली. मूल तेव्हां तीन वर्षांचें होतें. तिच्या स्वप्नांचा कागद नाहीं, आणि आम्ही ते कल्पनेनें रचणार नाहीं. त्या सूतिकागृहाच्या दाराबाहेर काय काय घडलें तें मात्र पत्रोपत्रीं नोंदलेलें आहे.

येथें कोणी म्हणेल कीं, आमचे पूर्वज स्वप्नें लिहूनच ठेवीत नसत. तसें मुळींच नाहीं. तुकोबांस बाबाजी चैतन्यांचा उपदेश स्वप्नांत झाला, व नामदेवांनीं स्वप्नांत येऊनच कवित्वाचें काम सांगितलें; हें त्यांनीं स्वतः अभंगांत सांगितलें आहे. शिऊरच्या बहिणाबाईंनीं (१६२८–१७००) आपल्या आत्मचरित्रपर अभंगांत याहून सविस्तर लिहिलें आहे. कोल्हापुरास असतां लळा लागलेलें वासरूं मेलें, त्या दुःखानें त्या कित्येक दिवस निचेष्टित पडून राहिल्या, आणि त्या अवस्थेंत तुकोबांचें दर्शन होऊन उपदेश मिळाला. तान्ह्या जिवाच्या मृत्यूनें हादरलेल्या एका मुलीच्या झोंपेचा हा मराठींतील सर्वांत जुना व सर्वांत प्रामाणिक वृत्तांत असावा, असें आमचें मत आहे. पण तो टिकला कां? शेवटीं गुरूपदेश झाला म्हणून. देवस्थानांच्या कागदांतहि अमक्यास देवानें स्वप्नांत येऊन मूर्तीची जागा दाखविली अशा कथा येतात. ह्या सर्वांस मराठींत एक स्वतंत्र शब्द आहे, दृष्टांत. ज्या स्वप्नापासून मठ, मंदिर, इनाम किंवा परंपरा उत्पन्न झाली तें दप्तरांत शिरलें. ज्यापासून कांहींच उत्पन्न झालें नाहीं, फक्त एका बाईची रात्र गेली, तें दुःस्वप्न. त्यास दप्तरांत जागा नाहीं.

मग आडमार्गानें जावें लागतें. जी गोष्ट लोक लिहीत नाहींत ती कित्येकदां मनाई करणारा लिहितो. वसईवर पोर्तुगीजांचा अंमल १५३४ पासून दोनशें वर्षांहून अधिक काळ होता. तो सुटण्यापूर्वीं अवघीं तीन वर्षें, १७३६ मध्यें, गोव्याच्या इन्क्विझिशननें एक लांबलचक जाहीरनामा काढून बाटलेल्या लोकांत शिल्लक राहिलेल्या हिंदु चालींवर बंदी घातली. कै. अ. का. प्रियोळकर यांनीं 'दि गोवा इन्क्विझिशन' ह्या १९६१ सालच्या ग्रंथांत त्याचा परामर्श घेतला आहे. लग्नांतील विडे-गाणीं, स्वयंपाक, पेहराव ह्यांच्या बरोबरीनें बाळंतपणांतील सहाव्या रात्रीच्या जागरणासहि त्यांत मनाई आहे. धर्मांतर होऊन पिढ्या गेल्या, नांवें बदललीं, पण बाळंतिणीच्या उशाशीं रात्रभर जागावयाचें हें सुटलें नव्हतें. सुटलें असतें तर मनाई कशास हवी होती? (ह्या बाबतींत एक इशारा देऊन ठेवतों. भाईंदर ज्या साष्टी बेटाच्या उत्तर टोकास आहे त्या बेटाच्या नांवाचा संबंध षष्ठी देवीशीं जोडण्याचा मोह होण्यासारखा आहे. तो आवरावा. सासष्ट गांवें हीच त्या नांवाची सर्वमान्य व्युत्पत्ति आहे.)

ह्या जागराचें मूळ फार जुनें. चरकाच्या शारीरस्थानाच्या आठव्या अध्यायांत सूतिकागृहाचें रक्षण सांगितलें आहे. खोलीभोंवतीं खैर, बोर इत्यादिकांच्या फांद्या लावाव्या. सर्वत्र मोहऱ्या, जवस व तांदुळाच्या कण्या टाकाव्या. उंबऱ्यावर मुसळ आडवें ठेवावें. वेखंड, हिंग, लसूण, गुग्गुळ वगैरेंची पुरचुंडी दारास व आई-मुलाच्या गळ्यांत बांधावी. विस्तव विझूं देऊं नये. आणि, आमच्या दृष्टीनें सर्वांत महत्त्वाचें, अनुभवी स्त्रियांनीं व प्रेमाच्या माणसांनीं दहा किंवा बारा दिवस तिच्यापाशीं जागत बसावें. कोंकणांतील बाजेखालचा विस्तव, ओव्या-शेपांची धुरी, दाराशीं कोयता व उशाखालीं अडकित्ता, पांचवीची पूजा, सटवाईसाठीं मांडलेला कोरा कागद व लेखणी, हीं ह्याच रक्षाविधीचीं अपत्यें होत. सटवाई येऊन मुलाचें नशीब लिहिते. तिच्यासाठीं दौत-लेखणी मांडणाऱ्या घरांनीं बाळंतिणीच्या हातीं ती कधीं दिली नाहीं, हा विनोद दैवानें केला कीं आम्हीं, तें वाचकांनींच ठरवावें.

परंतु हा पहारा नेमका कशाविरुद्ध होता? सामान्यतः मुलास बाहेरची बाधा होऊं नये म्हणून, असें उत्तर मिळतें. तें अर्धेंच खरें आहे. मोल्सवर्थच्या कोशांत 'अळवंतीण' हा शब्द आहे. बाळंतपणांत मेलेल्या स्त्रीचें पिशाच असा त्याचा अर्थ. १९०९ च्या डिसेंबरांत नाशिकास मारले गेलेले जॅक्सन हे लोकसमजुतींचीं टिपणें गोळा करीत होते. तीं पुढें एन्थोव्हेननें १९१५ मध्यें कोंकणापुरतीं छापिलीं. त्यांतहि हडळ, जखीण, अळवंतीण ह्यांचीं वर्णनें आहेत. आतां ह्या समजुतीकडे बाजेवर निजलेल्या बाईच्या बाजूनें पाहावें. जिला ती भिते ती अळवंतीण कालपर्यंत तिच्यासारखीच बाळंतीण होती. दहा दिवसांत आपण मेलों तर आपणच तें होऊं, आणि आपल्याच मुलाच्या पाळण्याशीं येऊं, हें तिला लहानपणापासून ठाऊक आहे. सूतिकाज्वरानें बायका पटापट मरत अशा काळांत हें भय पोकळ नव्हतें. तेव्हां तो विस्तव, तें लोखंड आणि तीं जागणारीं माणसें जितकीं मुलासाठीं तितकींच आईच्या झोंपेसाठीं होतीं, असें आम्हांस वाटतें. दचकून उठल्यावर कोणीतरी जागें दिसावें, दिवा दिसावा, हा त्या विधीचा अत्यंत व्यवहारी भाग होय. जेसल पार्क येथील घरांत अडकित्ता राहिला होता, पण जागणारें माणूस राहिलें नव्हतें. घरांतील सर्वांस पहाटेची लोकल गांठावयाची असते. त्यास कोण काय करणार?

आतां स्वप्नशास्त्राकडे वळूं, कारण सासूबाईंची 'पहाटेचें स्वप्न' ही ताकीद तेथूनच आलेली आहे. 'स्वप्नाध्याय' ह्या नांवाच्या लहान पोथ्या बहुतेक संग्राहकांच्या घरीं असतील. त्यांचा गाभा सर्वांच्या तोंडीं आहे: रात्रीच्या पहिल्या प्रहरीं पडलेलें स्वप्न वर्षानें फळतें, पुढच्या प्रहरांचें त्याहून लौकर, आणि पहाटेचें तर लागलेंच. वैद्यकांत चरकानें इंद्रियस्थानाच्या पांचव्या अध्यायांत हाच नियम थोडक्यांत दिला आहे, व त्यास एक पुस्ती जोडली आहे. जें स्वप्न पाहून मनुष्य पुनः झोंपत नाहीं तें तत्काळ व मोठें फळ देतें. हा नियम निरोग्याच्या बाबतींत निरुपद्रवी असेल. बाळंतिणीच्या बाबतींत तो क्रूर आहे. दर दोन-तीन तासांनीं जिला मुलास पाजावयास उठावें लागतें, जिची पहाट नेहमींच जागी असते, जिला जखमेच्या ठणक्यानें पुनः डोळा लागत नाहीं, तिचें प्रत्येक स्वप्न ह्या नियमानें फलद्रूप ठरतें! ज्या माणसास स्वप्नाच्या फळाची धास्ती घेणें सर्वांत अपायकारक, त्याच्याच डोक्यावर शास्त्रानें सर्वांत जड ओझें ठेविलें, असें प्रथम वाटतें.

पण शास्त्रावर हा आरोप करण्यापूर्वीं त्याच अध्यायांतील मागचा भाग वाचावयास पाहिजे. चरकानें स्वप्नांचे सात प्रकार केले आहेत: पाहिलेलें, ऐकलेलें, अनुभवलेलें, इच्छिलेलें, कल्पिलेलें, भावी सुचविणारें व दोषांपासून उत्पन्न झालेलें. ह्यांपैकीं पहिलीं पांच निष्फळ म्हणून त्यानें स्पष्ट बाजूस काढलीं आहेत. सुश्रुतानें सूत्रस्थानाच्या एकोणतिसाव्या अध्यायांत निष्फळ स्वप्नांची यादी दिली आहे, तींत ज्याच्या त्याच्या प्रकृतीस अनुसरून पडलेलें, विसरलेलें व दिवसा पडलेलें ह्यांच्या जोडीस 'चिंताकृत', म्हणजे काळजीनें उत्पन्न झालेलें, स्वप्न घातलें आहे. ह्याहून निःसंदिग्ध काय पाहिजे? खिडकींतून प्रत्येक भाद्रपदांत पाहिलेलें विसर्जन, कानीं पडलेले ताशे, पोटाच्या टांक्यांचा अनुभव, आणि मुलाची काळजी: दृष्ट, श्रुत, अनुभूत व चिंताकृत, चारहि कलमें आमच्या स्नेह्यांच्या सुनेच्या स्वप्नास लागू पडतात. प्राचीन वैद्यांच्या कसोटीनें तें स्वप्न चारदां निष्फळ आहे. दुर्दैव असें कीं, लोकांच्या तोंडीं प्रहरांचा नियम राहिला, आणि ज्या भेदानें तो नियम सौम्य होत होता तो भेद वैद्यांच्या पोथ्यांतच राहिला. भीति पाठ होते, अपवाद पाठ होत नाहींत.

पहाटेच्या नियमास अनुभवाचा आधार अजिबात नव्हता असें मात्र नाहीं. १९५३ मध्यें शिकागो येथें ॲसेरिन्स्की व क्लाइटमन यांनीं झोंपेंत डोळ्यांची जलद हालचाल होण्याचा काळ दाखवून दिला. ठसठशीत स्वप्नें बहुधा ह्या काळांत पडतात, हा काळ पहाटेकडे लांबत जातो, व त्याच्या मध्येंच जाग आल्यास स्वप्न लख्ख आठवतें. अर्थात् पहाटेचें स्वप्न फळतें हें खोटें असलें तरी पहाटेचें स्वप्न लक्षांत राहतें हें खरें; आणि जें लक्षांत राहतें त्याचेंच फळ लोक शोधीत बसतात. २००७ मध्यें कॅनडांतील निल्सन व पाकेट यांनीं गरोदर व बाळंत झालेल्या स्त्रियांच्या स्वप्नांचा अभ्यास प्रसिद्ध केला. मूल संकटांत आहे, पांघरुणांत हरवलें आहे, अशा स्वप्नांतून दचकून उठून अंथरुणांत मूल शोधणें ही गोष्ट बाळंत झालेल्या स्त्रियांत फारच सामान्य असल्याचें त्यांस आढळलें. पांघरूण चांचपणारा हात मॉन्ट्रियलचा असो कीं भाईंदरचा, तो एकच आहे.

शस्त्रक्रियेचा भाग निराळा काढून पाहणें जरूर आहे, कारण तेथें इतिहासच नवा आहे. पोट चिरून मूल काढण्याचा उल्लेख सुश्रुतानें निदानस्थानाच्या आठव्या अध्यायांत केला आहे, पण तो मेलेल्या मातेच्या उदरांत गर्भ हालत असल्यास. जिवंत मातेच्या मूढगर्भावर शस्त्र चालविण्याचा विधि चिकित्सास्थानाच्या पंधराव्या अध्यायांत येतो. तेथें मृत गर्भ कापून काढून आईस वांचवावयाचें आहे, आणि हें कर्म संशयाचें असल्यामुळें आधीं 'अधिपतीस' विचारावें असें सांगितलें आहे. जिचें पोट तिला विचारावें असें नाहीं. हेमचंद्राच्या परिशिष्टपर्वांत चाणक्यानें विषानें मरणाऱ्या राणीचें उदर चिरून बिंदुसारास काढल्याची कथा आहे. तेथेंहि राणी मरते. तात्पर्य, अशा शस्त्रक्रियेनंतर आई जगून स्वप्न पाहण्याइतकी बरी होते ही स्थितीच प्राचीनांस परिचित नव्हती. भूल देण्याचीं औषधें १८४६–४७ मध्यें, जंतुघ्न शस्त्रक्रिया १८६७ मध्यें, व गर्भाशय नीट शिवण्याची सँगरची पद्धति १८८२ मध्यें आल्यावर ती हळूहळू शक्य झाली. कल्याणच्या जोशी घराण्यांतील आनंदीबाईंचें पहिलें मूल दहा दिवसांचें होऊन गेलें, आणि पुढें १८८६ मध्यें फिलाडेल्फिया येथें पदवीसाठीं त्यांनीं जो प्रबंध लिहिला त्याचा विषय आर्य हिंदूंचें प्रसूतिशास्त्र हाच होता. त्याच वर्षीं मुंबईंत कामा हॉस्पिटल उघडलें. आनंदीबाई पुढच्याच वर्षीं, २६ फेब्रुवारी १८८७ रोजीं, पुण्यास वारल्या. आज २०१९–२१ च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य पाहणीप्रमाणें हिंदुस्थानांतील शेंकडा २१.५ प्रसूति शस्त्रक्रियेनें होतात. म्हणजे पाठीवर निजून, टांके सांभाळीत, कुशीस वळतां न येतां मुलाचें रडें ऐकणारी बाळंतीण ही आतां घरोघरीं आहे, आणि तिच्या ह्या अवस्थेस जुन्या ओव्यांत, पोथ्यांत वा विधींत शब्द नाहीं. स्वप्नांत तिला उठतां येत नाहीं, हें त्याचेंच प्रतिबिंब.

तर मग बाळंतिणीनें स्वतः सांगितलेलें कोठेंच नाहीं काय? आमच्या पाहण्यांत एक आहे, पण तें इंग्लंडांतील. लिन् ह्या बंदराच्या गांवच्या मार्जरी केंप नांवाच्या बाईस चौदाव्या शतकाच्या अखेरीस पहिलें मूल झालें. प्रसूतींत तिचे अतोनात हाल झाले, जगण्याची आशा सुटली, धर्मगुरूनें तिचें बोलणें पुरतें ऐकून न घेतां दटावलें. आणि पुढें सहा महिने व आणखी कित्येक आठवडे जळते जबडे वासलेलीं भुतें तिला ओरबाडीत आहेत असें तिला दिसे. ती स्वतःस चावे, म्हणून तिला बांधून ठेवावें लागे. अखेर एके दिवशीं जांभळ्या रेशमी वस्त्रांतील ख्रिस्त आपल्या पलंगावर येऊन बसलेला तिनें पाहिला, आणि ती सावध झाली. सावध झाल्यावर तिनें प्रथम काय केलें? नवऱ्याजवळ कोठीच्या किल्ल्या मागितल्या व उठून जेवली. हें सर्व तिनें म्हातारपणीं दुसऱ्याकडून लिहविलें, कारण तिला लिहितां येत नव्हतें. १५०१ च्या सुमारास तिच्या ग्रंथांतील वेंचे लंडनांत छापले गेले ते केवळ भक्तिपर. भुतें, दोऱ्या व कोठीच्या किल्ल्या त्यांत नाहींत. तेथेंहि दृष्टांत छापला गेला व दुःस्वप्न गाळलें गेलें! संपूर्ण ग्रंथाची एकुलती एक हस्तलिखित प्रत १९३४ मध्यें बटलर-बाउडन ह्या जुन्या घराण्याच्या घरीं सांपडली. टेबल-टेनिसचें साहित्य शोधतांना कपाटांतून ती बाहेर आली असें सांगतात. पांचशें वर्षें ती प्रत कोणीं फेंकून दिली नाहीं एवढ्याच कारणानें आज ती आहे.

आम्हांकडून मात्र असें फेंकणें झालें आहे, हें येथें कबूल केलें पाहिजे. पूर्वीं एका वाड्यांतील रुमाल चाळतांना सनदा, महजर, हिशेब आम्हीं उचलले, आणि 'बायकी कागद' म्हणून एक गठ्ठा तेथेंच ठेविला. त्यांत औषधांचें बाड होतें, बाळंतविड्यांच्या याद्या होत्या, माहेरीं धाडलेल्या चिठ्ठ्या असाव्या. पुढच्या खेपेस गेलों तेव्हां वाडा पाडला होता. काढ्यांच्या मापाशेजारीं समासांत कोणी बाई दोन शब्द आपले म्हणून लिहीत असेल काय, ह्याची आतां त्या बाडापुरती तरी वाट उरली नाहीं. संग्राहक मंडळींपाशीं अशीं बाडें अद्याप पुष्कळ आहेत. त्यांतील औषधयोगांची नक्कल सर्व करितात. समास, मागील कोरीं पानें व शिवणींत दडलेल्या चिठोऱ्या तपासून कांहीं मिळाल्यास आम्हांस अवश्य कळवावें.

पंधरा दिवसांनीं आम्ही पुनः जेसल पार्क येथें गेलों. सुनेस दोन्ही प्रश्नांचीं उत्तरें दिलीं: असलें स्वप्न लिहिलेलें आमच्याकडे सांपडलें नाहीं, आणि हें तिला एकटीलाच होतें असें मुळींच नव्हे. चरक-सुश्रुतांची निष्फळ स्वप्नांची यादी सासूबाईंसमक्ष वाचून दाखविली; त्यांनीं ती शांतपणें ऐकली, पण अडकित्ता काढला नाहीं. काढावा असा आमचाहि आग्रह नव्हता. एक गोष्ट मात्र त्यांनीं आपण होऊन सांगितली: गेल्या आठवड्यापासून त्या सुनेच्याच खोलींत निजतात, व रात्रीं दिवा लावून ठेवितात. स्वप्न अजून पडतें, परंतु रोज नाहीं. तिची भीति आणखी कांहीं आठवडे अशीच राहिली, वा जागेपणींहि मन उदास राहूं लागलें, तर डॉक्टरांस सांगण्यास संकोच करूं नये, असें आम्हीं सुचविलें. तिनें तें आधींच सांगितलेलें होतें.

निघतांना तिनें आम्हांस एक कागद दिला. दवाखान्यांतून मिळालेल्या औषधांच्या यादीच्या पाठकोऱ्या बाजूवर, कांठापर्यंत बारीक अक्षरांत, तिनें तें स्वप्न लिहिलें आहे. पाटाचा रंग, मूल कोणत्या दुपट्यांत गुंडाळलेलें होतें, पाणी गुडघ्यांपर्यंत आलें तेव्हां कोण कोण मागें फिरलें, सर्व आहे. नांव न देण्याच्या अटीवर तो आमच्या संग्रहांत ठेवण्यास तिची संमति आहे. त्यावर तिनें तारीख घातलेली नव्हती. ती आम्हीं विचारून, तिच्याच हातानें घालून घेतली.